बर्फाखालच्या समुद्रात जीव आहे का? जैवखुणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीतून शनी दाखवला, की कडी बघून झाल्यावर लोक हमखास विचारतात, ‘तिकडे कुणी आहे का हो?’ छोट्या दुर्बिणीत शनीचा सर्वांत मोठा चंद्र टायटन दिसतो. ज्याच्याविषयी खरं बोलायचं असतं तो एन्सेलॅडस, बर्फाच्या कवचाखाली समुद्र असलेला शनीचा छोटा चंद्र, मात्र शनीच्या झगमगाटात हरवून जातो. अशा रात्री पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. रात्री उभ्या-उभ्या जेवढं सांगता येतं, त्याहून थोडं सविस्तर.

बायोमार्कर, म्हणजे जैवखूण, म्हणजे नेमकं काय?

जिवंत गोष्टीने मागे सोडलेली खूण. वाघ दिसला नाही तरी चिखलातला ठसा बघून वनरक्षक सांगतो, की इथून वाघ गेला. सूक्ष्मजीवांचे ठसे रासायनिक असतात: त्यांच्या पेशीपटलातली मेदाम्लं, प्रथिनांतली अमिनो आम्लं, त्यांनी सोडलेला वायू, कार्बनच्या जड-हलक्या अणूंचं बदललेलं प्रमाण, आणि अर्थात खुद्द पेशी किंवा तिचे तुकडे.

अडचण अशी, की यातल्या बऱ्याच गोष्टी जीव नसतानाही तयार होतात. पुढची बहुतेक उत्तरं या अडचणीभोवतीच फिरणारी आहेत.

सूर्यापासून इतक्या लांब पाणी गोठत कसं नाही?

वर गोठतंच. एन्सेलॅडसच्या पृष्ठभागाचं तापमान शून्याखाली दोनशे अंशांच्या आसपास असतं. आतली ऊब सूर्याकडून येत नाही, ती भरती-ओहोटीतून येते. हा चंद्र साधारण ३३ तासांत शनीभोवती फेरी मारतो. त्याच्या दोन फेऱ्यांच्या वेळात डायोनी या चंद्राची एक फेरी होते, आणि या तालामुळे एन्सेलॅडसची कक्षा थोडी लंबगोल राहते. त्यामुळे प्रत्येक फेरीत शनीची ओढ कमी-जास्त होते, चंद्राचं आतलं अंग मळल्यासारखं होतं आणि घर्षणाने तापतं. गुरूच्या युरोपाचंही तसंच, तिथे ताल आयो आणि गॅनिमीडशी जुळलेला आहे.

सगळे एन्सेलॅडसचंच नाव का घेतात? तो तर अगदी लहान आहे.

लहान आहेच. व्यास जेमतेम ५०० किलोमीटर. विल्यम हर्शेलने १७८९ मध्ये तो शोधला, आणि त्यानंतर जवळपास दोनशे वर्षं तो फक्त एक ठिपका होता.

२००५ मध्ये शनीभोवती फिरणारं कॅसिनी यान त्याच्याजवळून गेलं, तेव्हा मॅग्नेटोमीटरला काहीतरी विचित्र दिसलं. शनीचं चुंबकीय क्षेत्र या चंद्राजवळ वाकत होतं, जणू त्याला वातावरण आहे. यान आणखी जवळ नेलं आणि कारण कळलं. दक्षिण ध्रुवाजवळ सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या चार भेगा आहेत, त्यांना ‘वाघाचे पट्टे’ म्हणतात. त्यांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण अवकाशात उडत होते. शनीचं ई-कडं या कणांचंच बनलेलं आहे. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने हा फवारा मोजला, तर तो जवळपास दहा हजार किलोमीटर पसरलेला निघाला. दर सेकंदाला सुमारे ३०० लिटर पाणी बाहेर पडतं.

म्हणजे इथे बर्फ फोडायची गरजच नाही. समुद्र स्वतःच नमुना बाहेर फेकतो आहे आणि आपण त्यातून यान नेऊ शकतो. सूर्यमालेत इतकी सोय आणखी कुठेही पक्केपणाने सापडलेली नाही. युरोपावर फवारे असावेत अशा खुणा २०१२ मध्ये हबलला दिसल्या, पण तिथला पुरावा एवढा भक्कम नाही.

कॅसिनीला त्या पाण्यात काय-काय सापडलं?

थोडक्यात सांगणं अन्यायाचं होईल, कारण ही गोष्ट वीस वर्षांत हप्त्याहप्त्याने उलगडली आहे. कॅसिनी १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या वातावरणात जळून गेलं, तरी त्याच्या आकडेवारीतून अजून निष्कर्ष निघत आहेत.

आधी मीठ सापडलं. ई-कड्यातल्या बर्फाच्या कणांत सोडियमचे क्षार होते, म्हणजे हे पाणी खडकाला लागून आलं होतं. २०१५ मध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म कण जाहीर झाले. असे कण तयार व्हायला किमान ९० अंशांच्या आसपास तापलेलं पाणी लागतं, म्हणजे समुद्राच्या तळाशी उष्ण झरे असण्याची शक्यता मोठी. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला कॅसिनी पृष्ठभागापासून फक्त ४९ किलोमीटरवरून फवाऱ्यात शिरलं. त्या झेपेतून रेणुरूप हायड्रोजन हाती आला, वाफेच्या साधारण ०.४ ते १.४ टक्के. मला स्वतःला हा सगळ्यात रोमांचक शोध वाटतो. का ते पुढच्या उत्तरात सांगतो.

२०१८ मध्ये दोनशे अणुभारापेक्षा मोठे, गुंतागुंतीचे कार्बनी रेणू जाहीर झाले आणि २०२३ मध्ये फॉस्फेट. फॉस्फरस तिथे फारच कमी असेल, अशी आधी भीती होती. प्रत्यक्षात तो पृथ्वीच्या समुद्रांपेक्षा शंभर पटींनी किंवा त्याहून जास्त निघाला. त्याच वर्षाच्या शेवटी हायड्रोजन सायनाइडचाही पुरावा आला. हे आपल्यासाठी विष असलं, तरी अमिनो आम्लं तयार होण्याच्या वाटेवरचा तो कच्चा माल आहे.

जीवाला लागणाऱ्या सहा मुख्य मूलद्रव्यांपैकी कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फॉस्फरस अशी पाच तिथे आहेत. गंधकाच्या खुणा अंधुक आहेत.

पाणी आहे, ऊब आहे, अन्न आहे. मग जीव आहे म्हणायला काय हरकत?

ओटा मांडलेला आहे, भाजी चिरलेली आहे, शेगडी पेटलेली आहे. एवढ्यावरून स्वयंपाक झाला असं म्हणता येत नाही. वसतियोग्य असणं वेगळं आणि तिथे कुणी राहत असणं वेगळं.

हायड्रोजनचंच घ्या. गोबरगॅसच्या टाकीत मिथेन तयार करणारे आर्किया (जीवाणूंसारखेच एकपेशी, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) असतात. त्यांच्यातले काही हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र करून मिथेन बनवतात आणि त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेवर जगतात. त्यांना ना सूर्यप्रकाश लागतो, ना प्राणवायू. एन्सेलॅडसच्या फवाऱ्यात हायड्रोजन आहे, कार्बन डायऑक्साइड आहे आणि मिथेनही आहे. अशा सूक्ष्मजीवांना हवं ते सगळं पान वाढलेलं आहे. २०१८ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांच्या पुढाकाराने मिथॅनोथर्मोकॉकस ओकिनावेन्सिस हा समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांतला आर्किया एन्सेलॅडससारख्या वायूंच्या मिश्रणात आणि दाबाखाली ठेवून पाहिला गेला. तो वाढला.

पण गरम पाणी लोहयुक्त खडकात मुरतं, तेव्हाही हायड्रोजन सुटतो आणि त्यापासून जीवाशिवाय थोडा मिथेन बनू शकतो. २०२१ मध्ये फ्रेंच आणि अमेरिकी संशोधकांनी हिशोब मांडला. फवाऱ्यातला मिथेन अशा खडकांच्या ज्ञात प्रक्रियेतून येऊ शकेल त्यापेक्षा जास्त दिसतो, आणि मिथेनकारी सूक्ष्मजीव गृहीत धरले तर आकडे जुळतात. त्यांनी पुढे हेही स्पष्ट लिहिलं, की हा पुरावा नव्हे. एन्सेलॅडस जन्मला तेव्हाच्या आदिम द्रव्यातूनही मिथेन येत असू शकतो. मला त्यांच्या शोधनिबंधातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो. बातम्यांत मात्र तो बहुधा शेवटच्या ओळीत जातो किंवा गळतोच.

अमिनो आम्लं सापडली तर? ती तर जीवाचीच ना?

नाही. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ उल्कापाषाण पडला. त्यात डझनावारी अमिनो आम्लं निघाली, त्यातली कित्येक पृथ्वीवरचा कुठलाच जीव वापरत नाही. म्हणजे अवकाशातलं रसायनशास्त्र हे काम स्वतःच करतं. (एन्सेलॅडसवर अमिनो आम्लं अजून निश्चितपणे सापडलेलीच नाहीत. कॅसिनीची उपकरणं १९९० च्या दशकातली होती आणि फवारा आहे हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.)

म्हणून नुसतं ‘आहे की नाही’ विचारून भागत नाही. ‘कोणती आणि किती-किती’ हे विचारावं लागतं. इथे दोन कसोट्या कामाला येतात.

पहिली प्रमाणाची. जीव नसताना जे सोपं तेच जास्त बनतं. ग्लायसिन हे सगळ्यात साधं अमिनो आम्ल भरपूर, आणि रेणू जसजसा मोठा तसतसा दुर्मीळ. जीव असा काटकसरीने वागत नाही. त्याला प्रथिनांसाठी जे हवं ते तो बनवतो, ऊर्जा जास्त लागली तरी. ग्लायसिनच्या तुलनेत अवघड आम्लं मुबलक दिसली, तर कान टवकारायचे.

दुसरी कसोटी डाव्या-उजव्याची. देवळाबाहेर चपलांचा ढीग असतो. त्यात डाव्या आणि उजव्या चपला साधारण सारख्याच असणार. एखाद्या ढिगात नुसत्या डाव्याच दिसल्या, तर कुणीतरी मुद्दाम वेचून ठेवल्यात हे पोरालाही कळेल. ग्लायसिन सोडलं तर प्रथिनांतल्या अमिनो आम्लांची अशीच आरशातली जोडी असते. साध्या रसायनशास्त्रातून दोन्ही जवळपास सारखी बनतात. पृथ्वीवरचे जीव मात्र प्रथिनांसाठी डावीच वापरतात. एन्सेलॅडसवर एकाच बाजूचा मोठा वरचष्मा दिसला, आणि तो अनेक अमिनो आम्लांत एकसारखा असला, तर ती फार जोरकस खूण ठरेल. ‘मोठा’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे, कारण मर्चिसनमध्येही काही आम्लांत डाव्यांचं प्रमाण थोडं जास्त निघालं होतं. आणि ढीग फार जुना असेल, तर डाव्यांचे हळूहळू उजवे होत जातात आणि खूण पुसली जाते.

मेदाम्लांचं काय? त्यांच्याविषयी कमी ऐकू येतं.

कमी ऐकू येतं खरं, पण माझा भरवसा त्यांच्यावर जास्त आहे.

स्वयंपाकघरातूनच बघा. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल १२ कार्बनचं, तुपातलं पामिटिक १६ चं, शेंगदाणा तेलातलं ओलेइक १८ चं. सगळे आकडे सम. याचं कारण असं, की पेशी ही साखळी एकेक कार्बन जोडून बनवत नाही, दोन-दोन मणी ओवत जाते. त्यामुळे १४, १६, १८ ठळक येतात, १५ आणि १७ फिके पडतात. खडक आणि गरम पाण्यातून मेदाम्लं बनली तर तिथे असा हिशोब नसतो. छोट्या साखळ्या जास्त, मोठ्या कमी, असा सरळ उतार मिळतो. आर्कियांची तऱ्हा निराळी: त्यांच्या पेशीपटलातल्या साखळ्या पाच-पाच कार्बनच्या तुकड्यांनी बनतात. पण तिथेही नक्षी आहेच.

ही नक्षी ओळखायला त्या जीवाचं डीएनए आपल्यासारखंच असावं लागत नाही. पाण्यात राहणाऱ्या जीवाला आत आणि बाहेर वेगळं ठेवायला कसलं तरी पटल लागणार, आणि ते पटल ठराविक लांबीच्या साखळ्यांचं असणार, एवढं गृहीत धरलं की पुरतं. शिवाय असे रेणू टिकाऊ असतात आणि फवाऱ्यातल्या बुडबुड्यांबरोबर वर तरंगून येण्याची शक्यताही जास्त. दुधावर साय येते तसे.

थेट जंतूच पकडता येणार नाही का?

प्रयत्न त्या दिशेने चालू आहेत. २०२४ मध्ये फाबियान क्लेनर आणि सहकाऱ्यांनी अलास्काजवळच्या थंड पाण्यात मिळणारा स्फिंगॉपिक्सिस अलास्केन्सिस हा अगदी बारका जीवाणू घेतला. यानावर बर्फाचे कण आदळतात तेव्हा जे होतं, त्याची लेझरने नक्कल केली. एका बर्फाच्या कणात एका पेशीचा अगदी छोटा अंश, ०.०१ टक्का एवढाच असला, तरी त्याच्या मेदाम्लांचा ठसा उमटतो, असं त्यांना आढळलं. समजा लाखो कणांपैकी मोजक्याच कणांत पेशी असली, तरी एकेक कण वेगळा तपासणाऱ्या उपकरणाला ती सापडू शकते. सगळं पाणी एकत्र करून तपासलं तर तीच पेशी त्यात विरघळून हरवली असती.

वेगाचा मुद्दा इथे आडवा येतो. यान फार जोरात आदळलं तर रेणूंचा भुगा होतो. फार हळू गेलं तर त्यांचं आयनीभवन (उपकरणाला मोजता यावं म्हणून रेणूंवर विद्युतभार येणं) नीट होत नाही. सेकंदाला चार ते सहा किलोमीटर हा वेग सोयीचा मानतात. २०१५ च्या झेपेत कॅसिनीचा वेग साडेआठच्या आसपास होता.

सूक्ष्मदर्शक पाठवायच्याही सूचना आहेत. पण गोलसर ठिपका म्हणजे पेशीच, असं नसतं. खनिजंही गोल दिसतात.

तिथला जीव आपल्यापेक्षा पूर्ण वेगळा असेल तर या कसोट्या फसणार नाहीत?

काही फसतील. म्हणूनच रेणूंची गुंतागुंत मोजण्याची कल्पना पुढे आली: एखादा रेणू सुट्या भागांपासून जोडायला कमीत कमी किती पायऱ्या लागतात, हे मोजायचं. ग्लासगोच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं, की त्यांनी तपासलेल्या नमुन्यांत साधारण पंधरा पायऱ्यांच्या वरचे रेणू फक्त जीवाशी संबंधित वस्तूंतच मिळाले. या पद्धतीवर रसायनशास्त्रज्ञांत कडाक्याचे मतभेद आहेत. मी अजून कोणत्याच बाजूला नाही.

युरोपा क्लिपर जीव शोधायला निघालं आहे ना?

हा समज फार पसरला आहे. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेलं हे यान युरोपा वसतियोग्य आहे का, एवढंच तपासणार आहे. एप्रिल २०३० मध्ये ते गुरूपाशी पोहोचेल आणि युरोपाजवळून ४९ वेळा जाईल, सर्वांत जवळून जाईल तेव्हा अंतर २५ किलोमीटर असेल. त्यावरचं सुडा हे धूलिकण तपासणारं उपकरण आणि मॅस्पेक्स हा मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं उपकरण) कॅसिनीवरच्या उपकरणांपेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहेत. त्यामुळे वाटेत काही सापडलं तर ते बोनस.

युरोपावरची मोठी अडचण किरणोत्साराची. गुरूच्या चुंबकीय क्षेत्रातले कण पृष्ठभागावर सतत आदळतात आणि जैवखुणा मोडतात. जिथे हा मारा सर्वाधिक आहे, तिथे अमिनो आम्लं शाबूत मिळवायला दहा-वीस सेंटीमीटर खाली जावं लागेल. इतरत्र एखादा सेंटीमीटरही पुरू शकतो.

टायटन?

त्याचं रसायनशास्त्र इतकं निराळं आहे की त्याला स्वतंत्र पान लागेल. ड्रॅगनफ्लाय हे उडतं यान २०२८ मध्ये निघायचं आहे आणि २०३४ मध्ये तिथे उतरायचं आहे.

पृथ्वीवर याची तालीम कुठे होते?

सर्वांत बोधक उदाहरण अंटार्क्टिकाचं. व्होस्टोक सरोवर पावणेचार किलोमीटर बर्फाखाली आहे. रशियन पथक फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथवर पोहोचलं. पण छिद्र बुजू नये म्हणून त्यात केरोसीन ओतलेलं होतं, आणि मिळालेले जीवाणू सरोवरातले की वरून गेलेले, हा वाद नमुन्यांना चिकटूनच राहिला. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१३ मध्ये, अमेरिकी पथकाने व्हिलन्स सरोवरावरचा ८०० मीटर बर्फ गाळलेल्या, अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेल्या गरम पाण्याने वितळवला. तिथे दर मिलिलिटरला लाखाच्या वर पेशी मिळाल्या आणि त्यावर कुणी बोट ठेवू शकलं नाही. आधी स्वच्छता, मग शोध, हा क्रम या दोन सरोवरांनी शिकवला.

आपल्याकडचं लोणारही इथे आठवतं. बसाल्ट खडकातलं आघाती विवर, आत सोडायुक्त अल्कधर्मी पाणी आणि त्यात मिथेनकारी आर्कियांसकट नाना सूक्ष्मजीव. एन्सेलॅडसचा समुद्रही अल्कधर्मी आणि सोड्याच्या क्षारांचा आहे, हे साम्य खरं आहे. पण लोणारला ऊन मिळतं आणि पाणी कोमट असतं, त्यामुळे साम्य तिथेच थांबतं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि रंग क्षारप्रेमी आर्कियांचा असल्याचं सांगितलं. डोळ्यांनी दिसलेल्या जैवखुणेचं हे आपल्या अंगणातलं उदाहरण.

आपणच इथले जंतू तिकडे नेले तर?

ही भीती खरी आहे. कॅसिनी शनीत बुडवलं ते इंधन संपत आल्यावर ते एन्सेलॅडस किंवा टायटनवर कोसळू नये म्हणून. गॅलिलिओ यान २००३ मध्ये गुरूत सोडलं, तेही युरोपा वाचावा म्हणून. आंतरराष्ट्रीय नियम असा, की अशा समुद्रात एक जरी जिवंत जंतू जाण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी हवी. जैवखुणांच्या शोधात मेलेले जंतूही चालत नाहीत. हातमोज्याचा तेलकट ठसासुद्धा मेदाम्लांचा ‘शोध’ लावू शकतो.

आधी कधी फसगत झाली आहे का?

झाली आहे. १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाच्या मातीला पोषक द्रव दिला आणि वायू बाहेर आला. जीव असल्यासारखं वाटलं, पण मातीत कार्बनी रेणू सापडले नाहीत. जे क्लोरीनयुक्त अंश दिसले, ते पृथ्वीवरच्या साफसफाईच्या रसायनांचे मानले गेले. २००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं. तापवल्यावर ते कार्बनी पदार्थ जाळून टाकतं आणि तसेच क्लोरीनयुक्त अंश मागे ठेवतं. म्हणजे ३२ वर्षं आपण माती कशाची बनली आहे हे न कळता तिची परीक्षा घेतलेली होती. १९९६ मध्ये मंगळावरून आलेल्या एएलएच ८४००१ या पाषाणात जीवाश्म असल्याची घोषणा झाली, आणि एकेक खूण जीवाशिवायही बनू शकते हे पुढे दाखवलं गेलं.

म्हणून आता शास्त्रज्ञ एका खुणेवर विसंबत नाहीत. मेदाम्लांची नक्षी, अमिनो आम्लांचं प्रमाण, त्यांचा डावेपणा आणि कार्बनच्या समस्थानिकांचं (जड-हलक्या अणूंचं) प्रमाण या एकमेकांशी संबंध नसलेल्या कसोट्या एकाच नमुन्यावर, वेगवेगळ्या उपकरणांनी लावायच्या, असं ठरतं आहे.

काहीच सापडलं नाही तर एवढा खर्च वाया?

मला तसं वाटत नाही. पाणी, ऊर्जा आणि कच्चा माल असूनही जीव नाही, हे पक्कं कळलं तर जीव सुरू व्हायला आणखी काय लागतं, हा प्रश्न पहिल्यांदाच प्रयोगाने विचारता येईल. मात्र तो नकार कमवावा लागतो. उपकरण किती कमी प्रमाण पकडू शकत होतं, नमुना किती होता, हे सांगता आलं तरच ‘नाही’ला अर्थ.

हे सगळं कधी कळणार?

युरोपी अवकाश संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये एन्सेलॅडसची शिफारस केली आहे. यान २०४० च्या दशकाच्या सुरुवातीला निघेल आणि पन्नाशीच्या दशकात दक्षिण ध्रुवावर उतरेल, अशी कल्पना आहे. हा उशीर केवळ पैशांचा नाही. शनीचं वर्ष साडेएकोणतीस वर्षांचं. मे २०२५ पासून दक्षिण ध्रुवावर उजेड आहे, तो २०४० च्या आसपास संपेल आणि मग तिथे सुमारे पंधरा वर्षांची रात्र. वाघाच्या पट्ट्यांजवळ जमीन बघून उतरायचं तर पुढच्या पहाटेची वेळ साधावी लागते.

माझ्या मुलीला यात काम करायचं आहे. तिने काय शिकावं?

बहुतेक पालकांना ‘खगोलशास्त्र’ हे उत्तर हवं असतं. मी विश्लेषणात्मक रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र सांगतो. तिने मास स्पेक्ट्रोमीटर हाताने चालवायला शिकावं, आलेख बघून गोंधळ आणि संकेत यांतला फरक ओळखायला शिकावं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत अवकाशातल्या बर्फाच्या रसायनशास्त्रावर काम चालतं. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे. आणि संधी मिळाली तर लोणारच्या पाण्याचा नमुना तिने एकदा स्वतः तपासून बघावा, निर्जंतुक बाटली आणि कोरा तुलना-नमुना सोबत ठेवून.